चौथा गुरुवार, शेवटचा नव्हे

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आपल्या दैनिकाची इंटरनेट आवृत्ती मी रोज रात्री भांडी आवरून झाली की वाचते. तुमच्याकडे तेव्हा दुसऱ्या दिवसाची सकाळ झालेली असते, त्यामुळे पश्चिम ओहायोतल्या आमच्या गावात उद्याचा पेपर आज वाचणारी मी एकटीच. गेल्या आठवड्यात आपल्या पुरवणीत थँक्सगिव्हिंगवर, म्हणजे आभार मानायच्या इथल्या सणावर, अर्धं पान होतं. वर 'अमेरिकनांची दिवाळी' असा मथळा, मधोमध भलामोठा टीव्ही कवटाळून पळणाऱ्या माणसाचा फोटो, खाली चौकटीत 'नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार'. एका परिच्छेदात लिहिलं होतं की हा खरेदीचा उत्सव. पुढच्यात, की हा मूळ रहिवाशांच्या कत्तलीचा आनंदसोहळा. दोन्ही एकदम कसं असेल, हे लेखकाने सांगितलं नाही.

आधी तारखेचं बघू. शेवटचा नव्हे, चौथा गुरुवार. बहुतेक वर्षी दोन्ही एकच येतात म्हणून चूक खपून जाते. पण २०२३ साली नोव्हेंबरात पाच गुरुवार होते. तुमच्या चौकटीवर विसंबलेला पाहुणा ३० तारखेला दारात उभा राहिला असता, तर उरलेल्या टर्की पक्ष्याचं सूपसुद्धा त्याच्या वाट्याला आलं नसतं.

या चौथ्या-शेवटच्या भानगडीची गोष्ट मला फार आवडते. लिंकनपासून शेवटचा गुरुवार ही प्रथा पडली होती. १९३९ साली तो ३० तारखेला आला. नाताळची खरेदी थँक्सगिव्हिंगनंतर सुरू व्हायची, तेव्हा दुकानदारांना वाटलं धंद्याचे दिवस कमी पडणार. राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्टने सरळ सण आठवडाभर अलीकडे, २३ तारखेला ओढला. शाळांच्या सुट्ट्या ठरलेल्या, फुटबॉलचे सामने ठरलेले, कॅलेंडरं छापून झालेली. २३ राज्यांनी नवा गुरुवार धरला, २२ राज्यं जुन्यालाच चिकटून बसली, आणि टेक्सास, कोलोरॅडो व मिसिसिपी या तिघांनी दोन्ही दिवस पाळले. लोकांनी नाव ठेवलं 'फ्रँक्सगिव्हिंग'. दोन वर्षं हा घोळ चालला, शेवटी १९४१च्या डिसेंबरात काँग्रेसने, म्हणजे इथल्या संसदेने, कायदा करून चौथा गुरुवार कायम केला. देवाचे आभार मानायचा दिवस गल्ल्याच्या सोयीने सरकवणारं सरकार मला तेव्हाही आवडलं नसतं.

तर यावरून आपल्या लक्षात आलंच असेल की मी कुठल्या बाजूची. गेली सतरा वर्षं इथली नागरिक आहे, मत रिपब्लिकन पक्षाला देते, आणि सुट्टीत पुण्याला आले की भाचेमंडळी मला 'आमची ट्रम्पमावशी' म्हणतात. त्यांना मी दोष देत नाही. मराठी वर्तमानपत्रं आमच्यासारख्यांना 'पुराणमतवादी' म्हणतात, आणि तो शब्द वाचला की डोळ्यांसमोर सोवळं नेसून विटाळ पाळणारा कुणीतरी उभा राहतो. आमच्या गावात कॉन्झर्व्हेटिव्ह म्हणजे जतन करणारा. वडिलांनी ठेवलेली विहीर न बुजवणारा, एवढाच त्याचा अर्थ. विहिरीचं पाणी खराब असेल तर उपसा करतात. विहीर कुणी खणली म्हणून शिव्या देत बसत नाहीत. थँक्सगिव्हिंग मला या बाजूने दिसतो, आणि ही बाजू आपल्या अर्ध्या पानात कुठेच नव्हती म्हणून हा पत्रप्रपंच.

मी धान्याच्या एलेव्हेटरवर काट्याच्या खिडकीत बसते. एलेव्हेटर म्हणजे लिफ्ट नव्हे, इथे धान्याच्या उंच उंच कोठारांना असं म्हणतात. ऑक्टोबर-नोव्हेंबरात मका आणि सोयाबीनचे ट्रक रांगेने येतात. भरलेला ट्रक काट्यावर येतो, पोकळ नळी धान्यात खुपसून नमुना काढतात, ओलावा मोजतात. मक्याचा पंधरा टक्क्यांच्या वर गेला की वाळवणीचे पैसे कापले जातात, आणि ते कापणारी मी, म्हणून त्या दोन महिन्यांत माझ्यावर प्रेम करणारं कुणी नसतं. ५६ पौंड मका म्हणजे एक बुशेल, असा इथल्या मापाचा हिशोब. माझे वडील अकोल्याकडचे शेतकरी. अडत्यासमोर ते कसे उभे राहायचे ते मी लहानपणी पाहिलंय, त्यामुळे खिडकीच्या पलीकडे उभा असलेला माणूस आकडा ऐकताना श्वास रोखतो, ते मला बरोबर कळतं. सुगीच्या शेवटी आभार मानायचा दिवस येणं म्हणजे काय, हेही त्या खिडकीतून जरा जवळून दिसतं. आभार मानायला येणाऱ्यांतल्या निम्म्यांना भाव मिळालेला नसतो.

माझा पहिला थँक्सगिव्हिंग १९९६चा. लग्न होऊन येऊन मला सहा महिने झाले होते. माझे यजमान कारखान्यात, मी दिवसभर घरात, बाहेर सगळं करडं. रस्त्यापलीकडच्या शेतकरी आजोबांनी येऊन सांगितलं, गुरुवारी एक वाजता जेवायला या. विचारलं नाही, सांगितलं. मी म्हटलं, काय आणू? ते म्हणाले, भूक.

टेबलावर सोळा माणसं होती. प्रत्येकाच्या रिकाम्या ताटात मक्याचे पाच दाणे ठेवलेले. मला वाटलं सजावट असेल. माझ्या समोरचा एक दाणा मी उचलला आणि सवयीने दाताखाली धरला. आमच्याकडे ज्वारी वाळली की नाही ते असंच बघतात, कट्ट आवाज आला की वाळली. कट्ट आवाज आला. सगळं टेबल गप्प. एका लहान मुलाने ओरडून सांगितलं, "तिने एक आभार खाल्ला!"

मग आजोबांनी हसत हसत सगळं समजावलं. १६२० साली मेफ्लॉवर जहाजातून इंग्लंडहून १०२ माणसं इथे वस्ती करायला आली. ऐन हिवाळ्यात आजच्या मॅसॅच्युसेट्समधल्या प्लिमथला उतरली आणि वसंत ऋतू येईपर्यंत त्यातली निम्मी मेली. त्या उपासमारीत एकदा माणशी पाच दाणे वाटून खायची वेळ आली, असं म्हणतात. (कागदोपत्री पुरावा नाही, ही दंतकथाच, हे मला पुढे गावच्या वाचनालयात कळलं. आजोबांना सांगितलं तर म्हणाले, मग मोजून बघ, पाच दाण्यांनी पोट भरतं का.) त्याची आठवण म्हणून जेवणाआधी पाच दाणे, आणि एकेक दाणा बाजूला सरकवत पाच आभार. मोठ्याने, सगळ्यांसमोर.

मराठी माणसाला याची केवढी अडचण होते ते आपल्याला वेगळं सांगायला नको. आपल्याकडे आभारप्रदर्शन म्हणजे कार्यक्रमातला असा भाग की जो सुरू झाला की लोक चपला शोधायला उठतात. माईकवाल्यापासून चहावाल्यापर्यंत यादी वाचली जाते आणि ती वाचणारासुद्धा ऐकत नसतो. घरात तर प्रश्नच नाही. आईला 'थँक यू' म्हटलं तर ती विचारेल, बरं नाही का तुला? आपल्या माणसाचे आभार मानले की तो परका होतो, अशीच आपली समजूत. मी त्या टेबलावर घामाघूम झाले. एकेक जण बोलत होता आणि माझी पाळी जवळ येत होती.

आजोबांचा पहिला दाणा एका ट्रॅक्टरचा होता. १९८०च्या दशकात इथल्या शेतकऱ्यांचं कंबरडं मोडलं. व्याजाचे दर चढले, जमिनीचे भाव कोसळले, शेतांचे लिलाव झाले. १९८६ साली आजोबांच्या अवजारांचा लिलाव झाला. दोन मैलांवरच्या एका शेजाऱ्याने त्यांचा ट्रॅक्टर बोली लावून घेतला, पैसे भरले, आणि म्हणाला, माझ्या शेडमध्ये जागा नाही, तूर्त तुझ्याकडेच राहू दे, हवा तेव्हा वापर. तो ट्रॅक्टर तिथून कधी हललाच नाही. त्या शेजाऱ्याने त्याबद्दल पुन्हा शब्द काढला नाही. म्हणून दर वर्षी पहिला दाणा त्याचा. तो शेजारी त्या दिवशी टेबलावरच बसला होता, मान खाली घालून कुस्करलेल्या बटाट्याकडे एकटक बघत.

माझी पाळी आली तेव्हा माझ्याकडे चारच दाणे होते. मी काय बोलले ते सगळं आठवत नाही. एवढं आठवतं की तिसऱ्या दाण्याला मी वडिलांचं नाव घेतलं. मुंबईच्या विमानतळावर त्यांनी माझी बॅग उचलली, वजनाचा अंदाज घेतला आणि म्हणाले, वीस किलोच्या आत आहे, घाबरू नको. काट्यावर ठेवली तर साडेएकोणीस भरली. हे मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं आणि रडू फुटलं. त्या क्षणापर्यंत वडिलांचे आभार मानायचे असतात हे मला सुचलंही नव्हतं. फोनवर तर शेवटपर्यंत जमलं नाही. त्या परक्या टेबलावर जमलं.

आभार कुणाचे, हा खरा मुद्दा. आजकाल इथल्या शहरांतही 'कृतज्ञ असणं आरोग्याला चांगलं' वगैरे चालतं. आभाराला पत्ता लागतो. जॉर्ज वॉशिंग्टनने ३ ऑक्टोबर १७८९ रोजी जाहीरनामा काढून २६ नोव्हेंबर, गुरुवार, हा देवाचे आभार मानायचा दिवस ठरवला, तेव्हा त्यात पत्त्याबद्दल काही शंका ठेवली नव्हती. अर्थात तेव्हाही सगळ्यांना ते पटलं असं नाही. साउथ कॅरोलायनाचे टकर नावाचे प्रतिनिधी सभागृहात म्हणाले, राज्यघटना नवी आहे, तिने लोकांचं भलं होतं की नाही ते आधी लोकांना अनुभवू तर द्या, मग आभार मानायला सांगा. हे वाचून मला आमच्या खिडकीसमोरचा शेतकरीच आठवला. चेक वटल्याशिवाय धन्यवाद म्हणत नाही. पुढे जेफरसनने अध्यक्ष असताना असा जाहीरनामा काढायलाच नकार दिला. देवधर्मात सरकारने पडू नये, असं त्याचं मत. आमच्या बाजूचे लोक जेफरसनचं नाव इतर वेळी उठताबसता घेतात, नोव्हेंबरात मात्र सोयीने विसरतात.

आमच्या बाजूची आणखी एक खोड सांगून टाकते. प्लिमथच्या लोकांनी आधी सगळी शेती सामाईक ठेवली होती. पीक एकाच कोठारात जायचं आणि सगळ्यांना सारखं वाटलं जायचं. गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्डने स्वतः लिहून ठेवलंय की तरुण कुरकुरायचे, दुसऱ्याच्या बायकापोरांसाठी फुकट का राबायचं म्हणून. १६२३ साली त्याने प्रत्येक कुटुंबाला मक्यासाठी आपापला तुकडा दिला, तर बायका लहान लेकरांना घेऊन आपण होऊन शेतात जाऊ लागल्या आणि पीक वाढलं. बांधावरची भांडणं ज्याने पाहिलीत त्याला हे सांगावं लागत नाही. पण आमचे वक्ते हीच गोष्ट १६२१च्या मेजवानीला, जिला पहिला थँक्सगिव्हिंग म्हणतात तिला, चिकटवतात, जणू खासगी मालकीमुळेच ते जेवण झालं. दोन वर्षं आधीचं जेवण दोन वर्षं नंतरच्या पिकावर कसं होईल? मी गावच्या सभेत हे एकदा उभं राहून सांगितलं. टाळ्या मिळाल्या नाहीत. आणि स्वावलंबनावर भाषण देणारे आमचे शेतकरी सरकारी अनुदानाचा चेकही न चुकता जमा करतात. त्यावरून मी त्यांना काट्यावर चिडवते, ते माझ्यावर चिडतात.

आता कत्तलीबद्दल. १६२१च्या शरद ऋतूत पीक निघाल्यावर जे जेवण झालं, त्याचं वर्णन एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात जेमतेम एका परिच्छेदाचं आहे. वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसासॉइट सुमारे नव्वद माणसं घेऊन आला, तीन दिवस राहिला, त्याच्या माणसांनी पाच हरणं मारून आणली. यजमानांपेक्षा पाहुणेच जास्त होते. मका लावायला ज्याने शिकवलं तो टिस्क्वांटम. त्याला १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने पळवून स्पेनमध्ये विकलं होतं. तो इंग्लंडमार्गे कसाबसा १६१९ला परत आला, तर साथीच्या रोगाने त्याचं अख्खं गाव संपलेलं. त्याच ओस गावाच्या जागेवर प्लिमथ उभं राहिलं. इतकं सोसलेला माणूस उपाशी इंग्रजांना मक्याच्या मुळाशी मासे पुरायला शिकवतो. तेव्हा पाच दाण्यांतला एक त्याचा. हे आजोबांनी नाही, मी जोडलं.

मॅसासॉइटशी झालेला तह पन्नास वर्षांवर टिकला. मग १६७५ साली इंग्रज आणि मूळ रहिवाशांत युद्ध पेटलं, आणि त्याच प्लिमथमध्ये मॅसासॉइटच्या मुलाचं मुंडकं भाल्यावर वर्षानुवर्षं टांगून ठेवलं गेलं. हे मी लपवत नाही, आणि माझ्या मुलांपासूनही लपवलं नाही. १९७० पासून मूळ रहिवाशांचे वंशज याच गुरुवारी प्लिमथला जमून दुखवट्याचा दिवस पाळतात. मला त्यांचा राग येत नाही. पूर्वजांची आठवण धरून थंडीत उभं राहणारा माणूस माझ्या मते माझ्याच जातकुळीतला.

मला राग येतो तो वेगळ्या गोष्टीचा. माझा भाचा दर वर्षी मला मेसेज पाठवतो, 'हॅपी जेनोसाइड डे'. अपराधाची जाणीव जणू त्याच्या पिढीनेच शोधून काढली. वॉशिंग्टनचा जाहीरनामा नीट वाचा: आभारांच्या पाठोपाठ त्यात राष्ट्र म्हणून केलेल्या अपराधांची क्षमा मागितलेली आहे. लिंकनचा ३ ऑक्टोबर १८६३चा वाचा. तीनच महिन्यांपूर्वी यादवी युद्धातल्या गेटिसबर्गच्या लढाईत दोन्हीकडचे मेलेले, जखमी, बेपत्ता मिळून पन्नास हजारांच्या आसपास माणसांची हानी झाली होती. सेराह हेल नावाच्या एका मासिकाच्या संपादिकेने कित्येक वर्षं लेख आणि पत्रं लिहून या सणासाठी पिच्छा पुरवला होता, त्या सप्टेंबरात तिने लिंकनलाही लिहिलं. (संपादकाला पत्र लिहिणाऱ्या माझ्यासारखीला राष्ट्राध्यक्षाला पत्र लिहिणारी संपादिका जवळची वाटणारच.) लिंकनच्या जाहीरनाम्यात लिहिलंय की युद्ध चालू असूनही नांगर थांबला नाही, माग थांबला नाही, जहाज थांबलं नाही. आणि पुढे, की आभार मानताना आपल्या राष्ट्रीय हट्टीपणाबद्दल नम्रपणे पश्चात्तापही करा, विधवांना, अनाथांना, शोक करणाऱ्यांना देवाच्या हवाली करा. ज्या घरात त्या आठवड्यात मुलाचं प्रेत आलं असेल त्या घरालाही तो म्हणत होता, बसा, आभार माना. हे भाच्याला मी पाठवलं. त्याने अंगठा पाठवला.

दिवाळीशी तुलना करायला माझी हरकत नाही, पण फोटो तरी गुरुवारचा छापा. तुमचा टीव्हीवाला माणूस शुक्रवारचा आहे, सणाच्या दुसऱ्या दिवशीच्या सवलतीच्या खरेदीचा. मधली काही वर्षं मोठ्या दुकानांनी गुरुवारी संध्याकाळीच दारं उघडायला सुरुवात केली होती आणि आमच्या चर्चमधल्या दोन पोरी ताटावरून उठून कामावर पळायच्या. बाजाराची बाजू घेणारी मी, पण तेव्हा बाजारालाही शिव्या घातल्या. २०२० नंतर बऱ्याच मोठ्या दुकानांनी गुरुवार पुन्हा बंद ठेवायला सुरुवात केली. मॅसॅच्युसेट्स, ऱ्होड आयलंड आणि मेनमध्ये तर जुन्या कायद्यानेच मोठी दुकानं त्या दिवशी बंद असतात. मॅसॅच्युसेट्स हे डेमोक्रॅट राज्य, तिथला हा कायदा मात्र मी उचलून ओहायोत आणीन.

टर्कीबद्दल अर्ध्या पानात बरंच होतं, मी एकच भर घालते: वीस पौंडांची गोठलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला चार-पाच दिवस लागतात. आमच्या घरचं पहिलं जेवण केलं तेव्हा मी ती बुधवारी आणली होती. सगळ्यांनी भात आणि हिरव्या शेंगा खाल्ल्या, आणि आजोबांनी त्या दगडाचेही आभार मानले.

आजोबा तीन वर्षांपूर्वी गेले. ट्रॅक्टर घेणारा शेजारी त्यांच्याही आधी. मागच्या वर्षी जेवण आमच्याकडे होतं. आजोबांच्या नातवाने पहिला दाणा सरकवला आणि म्हणाला, हा ट्रॅक्टरचा. लिलाव झाला तेव्हा तो जन्मलाही नव्हता. देणेकरी गेला, घेणेकरीही गेला, कागद तर कधी झालाच नव्हता, तरी हप्ता चालू आहे. तो ट्रॅक्टर अजून त्याच शेडमध्ये उभा आहे. सुरू होत नाही.

दाण्यांची बरणी आता माझ्याकडे असते. या वर्षी चौदा ताटं आहेत. काल संध्याकाळी काट्यावरून येताना आजोबांच्याच शेतातला, साडेचौदा टक्के ओलाव्याचा मका मूठभर आणला आणि दाणे मोजून बरणीत टाकले. सत्तर. वर एक माझा, चावून बघायला.

आपली,
एक जुनी वाचक
(पश्चिम ओहायो, अमेरिका)